लोखंड्याचा शेवट

नवऱ्याने बायकोचे आभार मानू नयेत असे कुठल्याही पोथीत लिहिलेले नाही. तरी आपल्याकडे ते कुणी मानत नाही. सभेच्या शेवटी आपण माइकवाल्याचे आभार मानतो, मांडववाल्याचे मानतो, ज्याने सतरंजीच्या कोपऱ्याला नुसता हात लावला त्याचेही नाव घेऊन मानतो. पण जिने पस्तीस वर्षे ताट वाढले तिच्यासमोर 'आभारी आहे' म्हणायची वेळ आली की भल्याभल्यांच्या घशात काटा अडकतो. दामू मेहेरच्या घशात तर पाल्याचा अख्खा सांगाडा अडकला होता, आणि पाला या माशाला किती काटे असतात हे ज्याने तो खाल्ला आहे त्यालाच विचारावे.

झाले होते असे, की निवृत्त होऊन वर्ष व्हायच्या आत दामूची छाती उघडून डॉक्टरांनी आतल्या नळ्या बदलल्या. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत धाग्याच्या कारखान्यात त्याने जन्मभर सुपरवायझरकी केली होती आणि एकाही यंत्राला कधी उघडे पडू दिले नव्हते, त्यामुळे स्वतःलाच उघडावे लागले याचा त्याला अपमान वाटला. तो घरी आला आणि खिडकीत बसला. डॉक्टरांनी मीठ बंद केले, सुके मासे बंद केले. दामूची बायको हंसा ही मुरब्याची, म्हणजे समुद्रकाठची. जिथे गावाची वेस सुकटाच्या वासाने ओळखू येते तिथली. तिने दुसऱ्याच दिवशी सुक्याचा डबा उचलून बहिणीला देऊन टाकला आणि स्वतःही अळणी जेवू लागली.

"तू कशाला सोडतेस?" दामूने विचारले.

"मी खाल्लं तर वास तुमाला येल," ती म्हणाली आणि विषय संपला.

असल्या बाईचे आभार मानायला हवेत, हे दामूला कळत होते. म्हणून एके दिवशी सकाळी चहाचा कप खाली ठेवून, घसा साफ करून, खिडकीबाहेर बघत तो म्हणाला, "हंसा, मी तुझा आभारी आहे." हंसाने पदराला हात पुसले, त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला आणि सरळ डॉक्टरांना फोन केला. डॉक्टरांनी ताबडतोब बोलावून घेतले. दामूच्या छातीला तारा लावून कागदावर रेघा काढल्या. रेघा चांगल्या आल्या. पण रिक्षातून घरी येताना दामूने कानाला खडा लावला, की पुन्हा तोंडाने काही बोलायचे नाही. जे काय असेल ते वस्तूने करायचे.

"तुला काय पाहिजे?" त्याने विचारले.

"काय नको."

"साडी?"

"आहेत त्या नेसून संपत नाय."

"कुठे फिरायला?"

"तुमची पथ्यं कोण करील तिकडं?" हंसा तांदूळ निवडत होती. मग एक खडा बाजूला टाकून ती म्हणाली, "तो लोखंड्या गेला का ऱ्हायला, तेवढं कळलं असतं तर बरं झालं असतं."

आता लोखंड्या कोण, हे सांगायला हवे. हंसा सोळा वर्षांची असताना टीव्हीवर रविवारी सकाळी 'चांदण्यापलीकडचे शेजारी' नावाची मालिका लागत असे. मुरब्याला तेव्हा टीव्ही एकच, गोदूबाईच्या घरात. होड्याही तिच्याच होत्या, त्यामुळे ते शोभत होते. काळ्या-पांढऱ्या पडद्यावर मुंग्या फार आणि माणसे कमी दिसत, तरी अख्खी आळी माजघरात दाटीने बसे. त्या मालिकेत एका भागात एक रोबोट होता. समुद्रकाठी एकटी राहणारी एक म्हातारी असते आणि एक कंपनी तिच्या दाराशी चाचणीसाठी रोबोट आणून ठेवते. म्हातारी त्याला लोखंड्या म्हणते. तो पाणी भरतो, जाळी विणतो, तिच्या शिव्या खातो. मग मुदत संपते आणि कंपनीचा साहेब त्याला वितळवायला परत न्यायला येतो. लोखंड्या उंबऱ्यात उभा राहतो. एक पाय आत, एक पाय बाहेर. म्हातारी काही बोलत नाही. आणि नेमक्या त्या क्षणी मुरब्याच्या किनाऱ्यावरून हाक आली, "होड्या लागल्या!"

शहरातल्या वाचकाला वाटेल, दोन मिनिटे थांबायचे होते. पण होड्या लागल्या म्हटल्यावर मुरब्याला कुणी थांबत नाही. तिथे हाक आली की अर्धी आरती टाकून बाया उठतात, आणि देवही ते समजून घेतो, कारण मासळी नासली तर नैवेद्य कुठून येणार? सगळ्या बायांनी पाट्या उचलल्या आणि पळाल्या. हंसाही पळाली. दिवसभर डोक्यावर बोंबलाची पाटी आणि पाटीखाली एकच विचार, की तो गेला का राहिला.

चाळीस वर्षे ही बाई तो विचार बाळगून होती आणि आपल्याला पत्ता नव्हता, याचे दामूला वाईट वाटले. पण आनंदही झाला. आभाराची वस्तू सापडली होती. हंसाला शेवट आणून द्यायचा.

शेवट शोधणे सोपे असेल असे त्याला वाटले होते. पुण्याला असलेल्या मुलीने, प्रतीक्षाने, इंटरनेटवर 'लोखंड्या' शोधले तेव्हा बांधकामाच्या सळयांचे भाव आले. टीव्हीवाल्यांकडे फोन केला तर एका गोड आवाजाच्या बाईने सांगितले, की त्या मालिकेची फीत काही आढळत नाही, पण आपण आठवण काढली याबद्दल धन्यवाद. मग दामू खिडकीतून उठला, चपला घातल्या आणि माणसांना विचारत सुटला. पालघरच्या बाजारातल्या एका दुकानदाराने छातीवर हात ठेवून सांगितले, की रोबोटचे लग्न होते. उमरोळीहून भाजी घेऊन येणारी बाई म्हणाली, तो रोबोट नव्हताच, आत पोलीस होता. सोसायटीचे सेक्रेटरी झुंबरराव घुले यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "त्याच्या सांध्यांना गार्ड होते का? नसतील तर त्याला परत न्यायलाच पाहिजे. नियम आहे."

झुंबररावांबद्दल इथेच सांगून ठेवतो. हे मूळचे नगरकडचे, जन्मभर एका रसायनाच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी. निवृत्तीनंतर त्यांनी बोईसरजवळच्या सरावलीतली आमची ही सोसायटीच कारखाना समजून चालवायला घेतली. गच्चीवर त्यांनी वारा कळावा म्हणून नारिंगी कापडाचे नळकांडे लावले होते; नव्या भाडेकरूंना ते कुणाचा तरी लेंगा वाटे. दर तीन महिन्यांनी ते भोंगा वाजवून गॅसगळतीची रंगीत तालीम घेत. खिडक्या बंद, शेगडी बंद, नाकाला ओला रुमाल, आणि वाऱ्याला आडवे चालत मागच्या मैदानात जमायचे. मग ते हजेरी घेत. लोक कुरकुरत, पण जात. कारखान्यांच्या शेजारी राहणारा माणूस नाकाने सावध असतो.

शेवटी दामूची गाडी दमयंतीबाई चुरींच्या दारात थांबली. दमयंतीबाई शेजारच्या बिऱ्हाडातल्या निवृत्त मुख्याध्यापिका. शाळेची स्नेहसंमेलने बसवण्यात त्यांचा जन्म गेला होता आणि निवृत्तीनंतर त्या एका चांगल्या विषयाची वाट बघत होत्या.

"मेहेर," त्या म्हणाल्या, "शेवट सापडत नसेल तर तो करायचा. आपण तो भागच रंगमंचावर आणू. म्हातारी मी. रोबोट तुम्ही."

"मी?"

"एवढी वर्षं यंत्रांत काढलीत. आता एकदा आत शिरा."

चार दिवसांत बाईंनी नाटुकले लिहून काढले. त्यांच्या शेवटात रोबोट 'येतो, आजी' म्हणून निघून जातो आणि म्हातारी समुद्राकडे बघत राहते. दामूने भीत भीत विचारले, की तो राहिला तर नाही का चालणार? "मेहेर," बाई चष्म्यावरून म्हणाल्या, "शोकांत असल्याशिवाय लोकांच्या लक्षात राहत नाही." मुख्याध्यापिकेपुढे कुणाचे चालले आहे? कंपनीच्या साहेबाचे काम तळमजल्यावरच्या धीरजने पत्करले, कारण त्यात गॉगल घालायचा होता. हंसाला काही सांगायचे नाही असे ठरले. दामू न्हाणीघरात नळ सोडून पाठांतर करू लागला आणि हंसाने काही विचारले नाही.

मग परवानगी. झुंबरराव म्हणाले, सोसायटीच्या सभागृहात तुम्ही म्हणता त्या दिवशी साखरपुडा आहे. मैदान देतो, पण वरची परवानगी आणा. दामू पालघरला गेला. एका कार्यालयात एका टेबलापाशी एका गृहस्थांनी त्याचा अर्ज उलटसुलट पाहिला.

"नाटक की यंत्र?"

"यंत्राचं नाटक."

"असं काही नसतं. यंत्र असेल तर विजेच्या तपासणीचा दाखला. माणूस असेल तर संहिता."

"आत माणूस आहे."

"मग बाहेर काय आहे?"

"बाहेर यंत्र."

"मग अर्ज कोणी केलाय? आतल्याने की बाहेरच्याने?"

दामूला एवढे अपमानित यापूर्वी एकदाच वाटले होते, इस्पितळात मागून उघडा असलेला झगा घातला तेव्हा. तो उठणार इतक्यात पलीकडच्या टेबलावरच्या बाई मान वर करून म्हणाल्या, "काका, माइक लावणार आहात का?" दामू म्हणाला, नाही लावला तरी चालेल. "मग तुमच्याच मैदानात, तुमच्याच लोकांसमोर, संध्याकाळचं अर्ध्या तासाचं काम, त्याला कशाला परवानगी? जा, करा. आणि मला सांगा काय झालं शेवटी." दामूने त्या बाईंचे इतके आभार मानले, की त्या ओशाळल्या. जिन्यावर येताना त्याच्या मनात आले, की अनोळखी बाईला हे किती सहज म्हणता आले. घरीच काय होते कोण जाणे.

राहिला वेश. बोईसरच्या बाजारात हेतलबेन कारखान्यांसाठी अॅप्रन आणि गणवेश शिवत असत. त्यांनी दामूची मापे घेतली आणि फडताळातून एक चकचकीत चंदेरी ताका काढला. आगीत शिरणाऱ्या लोकांसाठी सूट शिवले होते, त्यातले उरलेले.

"कापड एकदम फर्स्ट क्लास हाय, दामूभाई. आगीत उभे राहा, तुमाला काय नाय होणार."

"नाटकात आग नाही, हेतलबेन."

"नसू दे ने. असली तर पण काय नाय होणार!"

डोक्यासाठी गोडेतेलाचा पत्र्याचा चौकोनी डबा घेतला. पुढे खिडकी कापून त्याला जाड प्लास्टिक लावले. नाटकाच्या दिवशी दुपारी दामू सूट आणायला गेला, तेव्हा हेतलबेनच्या नवऱ्याने विचारपूर्वक एक सुधारणा केली: ऐन प्रवेशात डोके पडू नये म्हणून त्याने डबा सूटच्या कॉलरला रिबिट मारून कायमचा जोडला. "घालून बघा," हेतलबेन म्हणाल्या. दामूने घातला. पाठीमागची चेन सर्रकन वर गेली, मानेपाशी कापडात दात रोवून बसली आणि मग खाली येईना. हेतलबेनने ओढली, नवऱ्याने ओढली, शेजारच्या दुकानातला कारागीर येऊन ओढून गेला. कात्री लावायला हेतलबेन तयार होईनात. "एवढा सरस शिवला," त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. शेवटी ठरले, की नाहीतरी संध्याकाळी घालायचाच आहे. असेच घरी जावे.

रिक्षात डबा शिरेना. "चाचा, पहले सर उतारो, फिर बैठो," रिक्षावाला म्हणाला. डोके उतरत नाही हे दामू त्याला सांगत होता, पण रस्त्याच्या गोंगाटात डब्यातून बाहेर फक्त घुमल्यासारखा आवाज येत होता. रिक्षावाला घाबरून निघून गेला. तेव्हा दामू चालू लागला. डॉक्टरांनी चालायला सांगितलेच होते.

आता जगात दुसरीकडे कुठेही चंदेरी सूट घातलेला माणूस भर रस्त्याने निघाला असता तर लोक हसले असते, मागे पोरे लागली असती, एखाद्याने साबणाची जाहिरात म्हणून फोटो काढला असता. पण हे बोईसर. इथे चंदेरी सूट आणि डोक्यावर खोके घातलेला माणूस झपाझप चालताना दिसला तर त्याचा अर्थ एकच होतो. पहिल्यांदा एका पानवाल्याने त्याच्याकडे पाहिले, हातातले पान खाली ठेवले आणि शटर ओढले.

"गॅस लीक हुआ क्या?" समोरच्या हॉटेलातून कुणी तरी ओरडले.

दामूने दोन्ही हात हलवून 'नाही, नाही' अशी खूण केली. लोकांना ती 'मागे व्हा, मागे व्हा' अशी दिसली. रस्ता मोकळा झाला. तो त्यांच्याकडे गेला की ते पळत. तो थांबला की ते म्हणत, इथेच आहे, इथेच आहे. एवढ्यात सूटच्या आत, पँटच्या खिशात ठेवलेला फोन वाजू लागला. हंसाचा फोन होता हे त्याला कळत होते, पण हात आत जात नव्हता. त्याच्या अंगातून टीं टीं आवाज येतोय म्हटल्यावर एक जाणता कामगार किंचाळला, "गॅस का मीटर बज रहा है! भागो!"

सरावलीच्या वळणावर पोचेपर्यंत बातमी त्याच्या पुढे गेली होती. त्याने फाटकात पाऊल टाकले मात्र, झुंबररावांनी स्वतःच्या हाताने भोंगा वाजवला. आयुष्यभर ज्या क्षणासाठी त्या माणसाने तालमी घेतल्या तो क्षण आला होता. "खिडक्या बंद! शेगडी बंद! घाबरू नका, रांगेत चला!" नळकांड्याकडे एक नजर टाकून त्यांनी वाऱ्याची दिशा पुकारली आणि चारही मजल्यांवरून माणसे उतरू लागली. कुणाच्या अंगाला साबण होता, कुणाच्या हातात कणकेचा गोळा. साखरपुड्याची मंडळी नवरीमुलीसकट आली. तिने अंगठीच्या हातानेच नाकाला रुमाल धरला होता. मला मान्य करावे लागेल, की शिस्त वाखाणण्यासारखी होती. पाहता पाहता सगळे मैदान भरले, लोक खाली बसले, झुंबररावांनी हजेरी घेतली आणि मग ते त्या चंदेरी माणसासमोर खाड्कन उभे राहिले.

"सर, सगळे हजर आहेत. फक्त मेहेर आणि तळमजल्यावरचा धीरज सापडत नाहीत. कुठला गॅस आहे, सर?"

दामूला त्या क्षणी जमीन दुभंगेल तर बरे असे वाटले. त्याने पुन्हा दोन्ही हात हलवले, आणि पहिली रांग आणखी मागे सरकली. इतक्यात गर्दीतून हंसा उठली. नाकावरचा ओला पदर तिने खाली घेतला आणि सगळे 'अहो बाई, लांब व्हा' म्हणत असताना ती सरळ त्याच्यापाशी आली. नवरा डब्यात असला म्हणून त्याची चाल बायकोला कळत नाही असे नाही.

"किती फोन केले मी! उचलत का नाय?" ती म्हणाली. "दुपारची गोळी घेतली का?"

मग झुंबरराव पायापासून चेहऱ्यापर्यंत लाल होत गेले. "मेहेर! ही अफवा आहे! चालतीबोलती अफवा!" लोक उठू लागले. कुणाची आमटी तशीच राहिली होती, कुणाला पोलिसांना बोलवायचे होते. झुंबररावांना तर पहिल्यांदा सगळीकडे फोन करून 'काही नाही, काही नाही' असे सांगावे लागले, आणि त्यात त्यांची जी मानहानी झाली ती पाहून दामूला स्वतःची विसरायला झाली.

तेव्हा दमयंतीबाईंनी टाळ्या वाजवल्या. दोनच, पण शाळेतल्या.

"कुणी उठायचं नाही! हजेरी झालेली आहे. आता कार्यक्रम होईल."

आणि लोक बसले. लहानपणी ज्याला शाळेत बसवले गेले आहे तो माणूस तसल्या आवाजाला जन्मभर बसतो. बाईंनी मैदानात खडूने उंबरा काढला, डोक्यावर पांढरे लुगडे घेतले आणि म्हातारी झाल्या. एक अडचण निघाली. कंपनीचा साहेब, म्हणजे धीरज, भोंगा ऐकताच मोटरसायकलवर बसून थेट उमरोळीपर्यंत पळाला होता. बाईंनी झुंबररावांना पुढे ओढले. "तुम्ही फक्त याला घेऊन जायचं. 'तुझी मुदत संपली' असं म्हणायचं."

"आनंदाने," झुंबरराव म्हणाले.

काम झकास झाले. दामू पाणी भरायला लागला, जाळी विणायला लागला, आणि जन्मभर यंत्रांचे आवाज ऐकलेल्या माणसांनी त्याच्या कोपरांची खरखर ऐकून शाबासकी दिली. दमयंतीबाईंनी त्याला शिव्या दिल्या त्या संहितेपेक्षा जास्त होत्या. मग झुंबरराव उंबऱ्याशी आले. त्यांना अभिनय करावाच लागला नाही.

"चल! तुझी मुदत संपली!"

दामू उंबऱ्यात उभा राहिला. एक पाय आत, एक पाय बाहेर. आता 'येतो, आजी' म्हणायचे होते. प्लास्टिकच्या खिडकीतून त्याने समोर पाहिले. हंसा पहिल्या रांगेत गुडघ्यांना मिठी मारून बसली होती, मान पुढे, तोंड किंचित उघडे. चाळीस वर्षांपूर्वी गोदूबाईच्या माजघरात ती अशीच बसली असणार. दामूला ते वाक्य म्हणवेना.

"चल," झुंबरराव पुन्हा म्हणाले.

"मी नाय जात," डब्यातून आवाज आला.

"जावं लागेल! नियम आहे!"

"नियम ऱ्हाऊ द्या." दामू वळला. म्हातारी त्याच्या उजव्या हाताला होती, पण तो समोर बघून बोलत होता. "या बाईनं माझ्या पायाची नखं काढली. दवाखान्यात ही लोखंडी स्टुलावर झोपली, मी खाटेवर. मी चिडलो तर हिनं तोंड फिरवलं, पण उठून गेली नाय. घरी येऊन मी खिडकीत बसलो न तोंड बंद केलं. तवा ही एकटी दोघांचं बोलायची. तिचं पण, न माझं पण. मी आईकत होतो सगळं. मला बोलता येत नव्हतं." त्याने बाहेरचा पाय उंबऱ्याच्या आत घेतला. "मी आभारी हाय. फार आभारी हाय. मी लोखंडाचा असलो तरी तेवढं मला कळतं. मी कुठं जात नाय."

काही जणांनी अजून ओला रुमाल धरलेला होता. तो नाकावरून वर सरकला. दमयंतीबाईंच्या संहितेत यातले काही नव्हते, आणि त्या भूमिका विसरून चष्मा पुसू लागल्या. सगळे झुंबररावांकडे पाहू लागले. बिचाऱ्यांना पुढचे वाक्य कुणी दिलेले नव्हते. त्यांनी गच्चीवरच्या नळकांड्याकडे पाहिले, दामूकडे पाहिले, आणि हातातला हजेरीचा कागद घडी करून खिशात घातला.

"ठीक आहे," ते म्हणाले. "राहू द्या याला. कंपनीकडे दुसरे आहेत."

त्या वाक्याला ज्या टाळ्या पडल्या तशा झुंबररावांना नोकरीत कधी पडल्या नव्हत्या. नंतर दामूला सूटमधून काढायला साखरपुड्याच्या आचाऱ्याची कात्री लागली. आमटी अर्धी राहिलेल्यांना साखरपुड्यातून आमटी गेली. लोक खांद्यावर थाप मारून जात होते आणि दामू हात जोडून प्रत्येकाला 'आभारी आहे' म्हणत होता, कारण तसे पाहिले तर त्या संध्याकाळी सगळी सरावली त्याच्यासाठी पळाली होती.

घरी आल्यावर हंसाने त्याला गोळी दिली, पाणी दिले आणि चहा टाकला. दामू खुर्चीत बसून दारावरून जाणाऱ्या लोकांचे बोलणे ऐकत होता. मनातून तो तृप्त होता.

"कळला ना शेवट?" त्याने विचारले.

"मला ठाऊक होता," हंसा म्हणाली.

"म्हणजे?"

"होड्या लागल्या तवा आमी सगळ्या पळालो. गोदूबाय नाय उठली. होड्या तिच्या, टीव्ही तिचा. ती कशाला पळते? तिनं बसून पाह्यला न दुसऱ्या दिवशी मला सांगितला."

दामू कप घेता घेता थांबला. "मग मला कशाला पळवलंस? पालघरला गेलो, बोईसरला गेलो, डब्यात डोकं अडकलं, सगळ्या गावात शोभा झाली!"

"डॉक्टर बोललेला, यांना चालतं ठेवा, माणसांत ठेवा. तुमी खिडकीतनं उठत नव्हता." हंसाने गाळणे झटकले. "मी साडी मागितली असती तर तुमी फोनवरनं मागवली असती."

दामूने थांबलेला हात पुढे करून कप घेतला. एक घोट घेऊन त्याने विचारले, "मग खरा शेवट काय होता?"

"नेला त्याला. वितळवला." ती त्याच्यासमोर येऊन बसली. "तवा पण नव्हता पटला मला. आजचा चांगला होता. पण डब्यातनं नीट आईकू नाय आलं. आता परत म्हणा."

दामूने तिच्याकडे पाहिले, मग दाराकडे पाहिले. जिन्यात अजून माणसे होती. तो उठला, दार लोटून आधी आतून कडी लावली, आणि मग म्हणाला.